घरातला उजेड

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये स्वयंपाकघराचा एकही फोटो नाही. मुंजी आहेत, लग्नं आहेत, बारशी आहेत, महाबळेश्वरला कठड्याशी ओळीने उभी केलेली माणसं आहेत, हार घातलेली नवीकोरी स्कूटर आहे. पण घरातल्या बायकांचा दिवस जिथे उजाडायचा आणि जिथे मावळायचा, ती खोली नाही. आजीची चूल नाही, तिचं जातं नाही, पुरणाचं पातेलं नाही, पोळी लाटणारे तिचे हात नाहीत. ओळखीच्यांच्या घरी अल्बम निघाला की मी मुद्दाम शोधते. जवळपास सगळीकडे हीच गोष्ट.

याचं एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे. स्वयंपाक हा फोटो काढण्याजोगा प्रसंग आहे, असं कुणाला वाटतच नव्हतं. ते खरं आहे. पण दुसरं कारण त्याहून साधं आणि माझ्या मते त्याहून मोठं आहे. तिथे उजेड नव्हता.

भर दुपारी उन्हातल्या अंगणात साधारण एक लाख लक्स इतका उजेड असतो. रात्री ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो जेमतेम शंभर-दीडशे लक्स. म्हणजे जवळपास हजारपट कमी. आपल्याला हा फरक एवढा जाणवत नाही, कारण डोळ्याची बाहुली मोठी होते, नजर सरावते आणि उंबरा ओलांडून आत आल्यावर थोड्या वेळाने सगळं दिसायला लागतं. फिल्म अशी सरावत नाही. तिला जेवढा उजेड लागतो तेवढा लागतोच.

आणि वाईतल्या आमच्या वाड्यात तो फार थोडा यायचा. पावसाचा मुलूख, म्हणून कौलं उतरती आणि खिडक्या लहान. सोप्यात उजेड, माजघरात अंधुक, स्वयंपाकघरात दिवसाही काळोख. भिंती धुराने काळ्या झालेल्या, त्यामुळे आलेला उजेडही त्या गिळून टाकायच्या. छपरात एकच काचेचं कौल बसवलेलं होतं. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा. सकाळी तो भिंतीवरच्या फळीवर असायचा, मग उतरत उतरत जमिनीवर यायचा. आजी तांदूळ निवडायला सूप घेऊन त्या चौकोनात बसायची आणि चौकोन सरकला की आपला पाट सरकवायची. घरात कुठल्या वेळी, कुठल्या महिन्यात, कुठे उजेड असतो हे तिला पक्कं माहीत होतं. सुईत दोरा ओवायचा तो सोप्याच्या दारात, पापड लाटायचे ते मागच्या पडवीत, मुलांच्या डोक्यातल्या उवा बघायच्या त्या परसात, अकराच्या आत. आज फोटो काढणाऱ्यांना पहिला धडा म्हणून जे शिकवतात, ते सगळं तिच्याकडे होतं. कॅमेरा मात्र तिने कधी हातात धरला नाही.

कॅमेरा काकांकडे होता. आगफा क्लिक थ्री. तो आपल्याकडेच बनायचा, बडोद्याला. काळं प्लास्टिकचं अंग, खांद्याला अडकवायचं चामडी घर. रोल 120 नंबरचा, त्यावर बारा चौकोनी फोटो. मागे एक लहानशी लाल काच असायची, तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा बघत बघत चावी फिरवायची. उघडझापीचा वेग ठरलेला, सेकंदाच्या लहानशा भागाचा. उन्हासाठी एक खूण, ढगासाठी एक खूण. घरासाठी खूण नव्हती. ती असूही शकली नसती, कारण माजघरातल्या उजेडात त्या भिंगातून आणि त्या काळच्या रोलवर फोटो यायचा तर झडप दोन-दोन सेकंद उघडी ठेवावी लागली असती, तीही कॅमेरा कशावर तरी घट्ट टेकवून. झडप मात्र त्याच्या शतांश वेळातच मिटायची.

शिवाय या कॅमेऱ्याला जवळचं दिसत नसे. माणूस पाच-सहा फुटांच्या आत आला की तो पुसट व्हायचा. म्हणजे समोर वाढलेलं पान, परातीतली करंजी, मोदकाच्या कळ्या, यांपैकी काहीच त्यात धरता येत नव्हतं. उजेड आहे अशा जागी ताट आणून ठेवलं तरी कॅमेऱ्याने लांब उभं राहावं आणि फोटोत ते बशीएवढं दिसावं. त्यामुळे काका सगळ्यांना अंगणात बोलवायचे. पाठीमागे तुळशीवृंदावन, तोंडावर ऊन, डोळे बारीक झालेले. आपल्या जुन्या फोटोंतली निम्मी माणसं रागावलेली का दिसतात, याचं उत्तर हेच. सूर्याकडे तोंड करून उभं राहायला सांगितलेलं असायचं.

बारा फोटोंचा हिशेब गणपतीपासून सुरू व्हायचा. दोन मखराचे, एक सगळ्या कुटुंबाचा, एक गौरींचा. उरलेले दसऱ्याला आपट्याची पानं देताना, मग दिवाळीच्या पहिल्या दिवशी नवे कपडे घालून. रोल संपेपर्यंत धुवायला टाकायचा नाही. कधीकधी तो संक्रांतीपर्यंत कॅमेऱ्यात राहायचा. शेवटचे दोन उरले की आम्हा मुलांची चैन, कारण ते ‘संपवायचे’ असायचे. आमच्या घरातले सगळ्यात मोकळे, सगळ्यात जिवंत फोटो हे त्या उरलेल्या दोनांमधले आहेत. चुलतबहीण चिंचेच्या झाडावर, भाऊ आंघोळ करून ओल्या पंच्यात. खर्चाचा विचार सुटला की काकांचा हात सैल व्हायचा, हे त्या फोटोंत दिसतं.

रोल काळा-पांढरा. कधी परदेशी कंपनीचा, कधी ‘इंदू’. इंदू आपल्या सरकारी कारखान्यात तयार व्हायचा, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समध्ये. हा कारखाना 1960 साली स्थापन झाला. थंड, स्वच्छ, धूळ नसलेली हवा म्हणून उटी. लहानपणी मला याचं फार अप्रूप वाटे, की आमच्या गौरीचा चेहरा ज्याच्यावर उमटतो ती पट्टी निलगिरीच्या डोंगरात बनते.

मग रंगीत रोल आले, 35 मिलिमीटरचे, छत्तीस फोटोंचे, आणि त्यांच्याबरोबर आमच्या घरात फ्लॅश बसवलेली याशिका आली. आता घरात फोटो निघू लागले. पण कसे? फ्लॅश सरळ समोरून डोळ्यांवर आदळायचा. चेहरे पांढरेफटक, नथ चमकलेली, मागे गडद काळोख. फडताळावरच्या स्टीलच्या डब्यांवर उजेडाचा एकेक गोळा. फ्लॅश बंद ठेवून दिव्याच्या उजेडात काढावं, तर बल्बखाली सगळं नारिंगी आणि ट्यूबलाइटखाली सगळं हिरवट. रंगीत रोल दिवसाच्या उजेडासाठी बनवलेला असतो. बल्बचा पिवळेपणा आपली नजर माफ करते, रोल करत नाही. आईने एकदा श्रीखंडाचं पातेलं हौसेने ओट्यावर मांडून फोटो काढायला लावला होता. पांढऱ्या-केशरी श्रीखंडाचं त्या फोटोत जे झालं आहे ते पाहून कुणीही ते खायला धजणार नाही. तरी तो एक फोटो मी जपून ठेवला आहे. पातेल्याच्या कडेला आईचं मनगट आलं आहे, काचेच्या हिरव्या बांगड्यांसकट.

रोल सुरुवातीला पुण्याला जायचा. पुढे तालुक्यातही रंगीत फोटो धुणारी यंत्रं आली. पिवळ्या पाकिटात कॉप्या, आत निगेटिव्हच्या कापलेल्या पट्ट्या, वर एक फुकटचा अल्बम. पाकीट घरी आलं की हात धुऊनच ते उघडायचं, अशी वडिलांची सक्त ताकीद. एकेक कॉपी कडांनी धरून पुढच्या माणसाकडे द्यायची. ज्या दुपारी फोटो काढला ती दुपार मागे पडलेली असायची, कुणी सासरी गेलेलं असायचं, कुणी या जगातही नसायचं, आणि मग त्या दुपारचं माणूस हातात यायचं. ही वाट पाहण्यातली गोडी आज नाही, आणि तिची मला मनापासून आठवण येते. पण तिच्याबरोबर एक असहायताही होती. फोटो बिघडला आहे हे कळायचं, तेव्हा प्रसंग परत आणता येत नसे.

एका वर्षी गौरीच्या नैवेद्याच्या पानाचा फोटो काढला होता. खुर्चीवर उभं राहून, वरून. कॉपी आली तशी आईने ती एकदाच पाहिली आणि म्हणाली, “हे पान उलटं आहे.” कुणाला काही कळेना. चटणी उजवीकडे होती. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही पानाची डावी बाजू, भाज्या आणि आमटी उजवी बाजू, मध्ये भाताची मूद. ज्या दुकानात कॉपी काढली तिथे निगेटिव्ह उलटी घातली गेली होती. आणखी कुणाच्या लक्षात आलं नसतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की आपलं वाढलेलं पान हे मुळातच एक मांडलेलं चित्र आहे. कुठला रंग कुठल्या शेजारी, ओलं कुठे, कोरडं कुठे, मोकळी जागा किती, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आज ताटाचा फोटो काढताना रचनेचा विचार करायला मी बसत नाही. आई वाढते तसं वाढते.

काकांच्या क्लिक थ्रीच्या काळात बाईच्या हातात कॅमेरा नव्हताच असं मात्र नाही. नवसारीत 1913 साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला तेव्हा जड कॅमेरा आणि एकदाच वापरता येणारे फ्लॅशचे बल्ब घेऊन दिल्लीच्या समारंभांत फिरत होत्या. साडी नेसून, पुरुषांच्या गर्दीत वाट काढत. मुंबईच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी रोजच्या जगण्याचे, मैत्रिणींचे, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढले होते. ते पाहिले की मला हळहळ वाटते. असं बघणारी एक जरी नजर प्रत्येक वाड्यात असती, तरी आज केवढा ठेवा असता! आमच्याकडे ज्याच्या हाती कॅमेरा तो स्वयंपाकघरात यायचा नाही, आणि जी स्वयंपाकघरात होती तिच्या हाती कॅमेरा यायचा नाही.

आता माझ्या हातात आहे. काही वर्षांपासून मी घरच्या पदार्थांची एक वही करते आहे, फोटोंसकट. आईला येतात ते, मावशीला येतात ते, आजीचे म्हणून सांगितले जातात ते. लेक बंगळूरला, भाचा कॅनडात. दोघं विचारतात, आणि शब्दांत सांगून भागत नाही. “उकड कशी दिसली की झाली?” “पुरण किती आटवायचं?” “पाक एकतारी झाला हे कसं ओळखायचं?” आईचं उत्तर असतं, “बघून कळतं.” आणि ते अगदी बरोबर आहे. म्हणूनच फोटो हवा. सजवलेल्या वाटीचा नव्हे. तो कुणीही काढतो. नेमक्या त्या क्षणाचा हवा, जेव्हा पातेल्यात उलथनं सोडलं तरी पुरणात ते उभंच राहतं.

आणि हे फार अवघड आहे. हातात असा फोन असताना, ज्याचं भिंग काकांच्या स्वप्नातही आलं नसतं, तरीही अवघड आहे.

पाकाची तार घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यात ओढलेली, केसासारखी, पारदर्शक. ओट्यावरच्या पांढऱ्या फरशीसमोर ती दिसतच नाही. तिच्यामागे काहीतरी गडद हवं आणि उजेड मागून, थोडा बाजूने यायला हवा, तेव्हा ती एकदम झळकते. आईची बोटं भाजतात, तार क्षणात तुटते, तोवर पाक पुढे जातो आणि लाडू दगडासारखे होण्याची भीती. आता आम्ही खिडकीत बसतो, मागे काळं घोंगडं टांगतो, आणि आई फक्त माझ्यासाठी वेगळ्या वाटीत थोडा पाक करते. अनारशाची जाळीही तशीच हट्टी. समोरून उजेड आला की अनारसा नुसती तपकिरी चकती. उजेड खालून, तिरका, जवळजवळ ताटलीला समांतर आला, की प्रत्येक छिद्राच्या कडेला सावली पडते आणि जाळी उठून दिसते. चकलीच्या काट्यालाही हाच उपाय.

उकडीच्या मोदकाचा त्रास निराळा. तो पांढराशुभ्र असतो, आणि कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. समोर जे काही असेल ते मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून तो उजेड मोजतो, म्हणून मोदक राखाडी होतात. फोनच्या पडद्यावर मोदकावर बोट टेकवायचं आणि शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते वर सरकवायचं, मग शुभ्रता परत येते. कारळ्याची चटणी, काळा मसाला यांना बरोबर उलटं. तिथे सूर्य खाली ओढायचा, नाही तर काळा मसाला मातकट दिसतो. मोदक थंड व्हायला लागला की त्याची तुकतुकी जाते, पारीला बारीक भेगा पडतात. मोदकपात्राचं झाकण उघडल्यापासून फार तर काही मिनिटं हातात असतात. वाफ दिसावी अशी हौस असेल तर तीही मागून येणाऱ्या उजेडातच आणि गडद पाठीवरच दिसते.

पण ती मिनिटं आधी देवाची असतात. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय पानाला कुणी हात लावत नाही, आणि पान फोटोसाठी हलवणं आईला मान्य नाही. मी तिला कधी आग्रह केला नाही. देवघर खिडकीपासून लांब आहे, म्हणून मी फक्त पलीकडच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवते आणि पाटाच्या दुसऱ्या बाजूला पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा उभा करते, उजेड त्यावरून उडून पानाच्या अंधाऱ्या बाजूवर पडावा म्हणून. नैवेद्य दाखवून होतो, पाणी फिरवलं जातं, मी एक फोटो काढते, आणि पान उचललं जातं. तो आला तर आला.

रोजच्या ताटाला खरा छळ स्टीलचा. चकचकीत स्टीलच्या ताटात वरचा पंखा दिसतो, खिडकीचे गज दिसतात, फोन धरलेली मी दिसते. पितळेचं, चांगलं वापरलेलं ताट उजेड मऊ करतं, केळीचं पान तर फारच गुणी. पण आमचं रोजचं जेवण स्टीलमध्येच होतं आणि फोटोसाठी ते बदलणं मला खोटं वाटतं. त्यावर उपाय सापडला तो कपाटात. वडिलांचं जुनं, धुऊन धुऊन विरलेलं धोतर. ते खिडकीला बांधलं की कडक ऊन गाळून आत येतं आणि ताटावरच्या झळाळीच्या जागी एक पसरट, दुधी चमक येते. बाजारात यासाठी खास कापडं मिळतात. धोतराचा पोत मला तरी त्यांत मिळाला नाही.

आणखी दोन गोष्टी मला फार उशिरा उमगल्या, त्या इथे सांगून ठेवते. फोनचं मुख्य भिंग रुंद कोनाचं असतं. ताट मोठं यावं म्हणून आपण फोन अगदी जवळ नेतो आणि मग कडेच्या वाट्या ताणल्या जातात, गोल ताट अंड्यासारखं होतं. दोन पावलं मागे जावं आणि दोनपट जवळ आणणारा आकडा निवडावा. दुसरं म्हणजे, खिडकी असेल तर घरातले दिवे बंद करावेत. खिडकीचा उजेड निळसर, दिव्याचा पिवळा. दोन्ही एकाच भातावर पडले की अर्धी मूद निळी, अर्धी पिवळी, आणि ती कशानेच सुधारत नाही. ट्यूब किंवा स्वस्त एलईडी चालू असेल तर पडद्यावर काळसर पट्टे धावताना दिसतात, तेही याच घरच्या विजेमुळे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून तो दिवा सेकंदाला शंभर वेळा मंदावतो. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं.

म्हणजे शेवटी मीही आजीसारखीच उजेडाच्या मागे घरभर फिरते आहे. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला खिडकी आहे, पण ती समोरच्या इमारतीकडे तोंड करून. तिथे ऊन सरळ येत नाही, समोरच्या पिवळ्या भिंतीवर पडून येतं, आणि दुपारनंतर सगळ्या भाज्यांना त्या भिंतीचा रंग चढतो. खरा उजेड बाहेरच्या खोलीत, सकाळी नऊ ते साडेदहा. पावसाळ्यात तो दिवसभर पुरतो, ढगांनी गाळलेला, सारखा, सावल्या नसलेला. आषाढ-श्रावणातल्या आमच्या पदार्थांचे फोटो सगळ्यात चांगले आले आहेत, हे सहज घडलेलं नाही.

रोलच्या काळातली एक गोष्ट मी आजही पाळते. बटण दाबण्याआधी बघायचं. कोडाक्रोम नावाच्या प्रसिद्ध रंगीत रोलचं उत्पादन 2009 साली थांबलं, तेव्हा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराला दिला गेला. त्यातले काही फोटो त्याने मुंबईत आणि राजस्थानात काढले. छत्तीस फोटो, मग संपलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या मनावर त्या छत्तीसांचं जे ओझं असेल, ते आपल्या साध्या घरांनी दर दिवाळीला उचललं आहे. फोनमध्ये ते ओझं नाही, आणि त्यामुळे फार चांगलं झालं हे मी निःसंकोच म्हणते. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या आईच्या हातांचे मी वाटेल तेवढे फोटो काढू शकते, तिला थांबवावं लागत नाही, अंगणात बोलवावं लागत नाही. ‘उरलेल्या दोन फोटोंची’ मोकळीक आता प्रत्येक फोटोला आहे.

मला खटकतं ते वेगळंच. फोन स्वतःच्या मताने फोटो बदलतो. हळद आहे त्याहून भगवी करतो, कोथिंबीर प्लास्टिकसारखी हिरवी करतो. आईच्या हातावरच्या सुरकुत्या पुसून टाकतो. ज्या हातांसाठी मी हा सगळा खटाटोप करते, त्यांचं वयच काढून घेतो! त्या सोयी मी शोधून शोधून बंद केल्या आहेत. रात्रीचा फोटोही तसाच. काही क्षणांत अनेक फोटो घेऊन, ते एकावर एक जुळवून फोन अंधाराचा दिवस करतो. तंत्र म्हणून ते थोर आहे. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणतीच्या वातीभोवती जेवढं दिसतं तेवढंच दिसायला हवं. कोपऱ्यातला चपलांचा स्टँडही स्पष्ट आला, तर तो फोटो त्या संध्याकाळचा राहत नाही. काकांच्या याशिकातल्या एका दिवाळीच्या फोटोत फक्त पाच ज्योती आणि आईच्या गालाची एक कड आली आहे. तेवढ्यावरून ती सगळी संध्याकाळ मला आठवते.

आणि फोटो टिकायला हवा. काकांचे काळे-पांढरे फोटो साठ वर्षांनीही शाबूत आहेत, चांदीचे कण ते, सहसा दगा देत नाहीत. ऐंशीच्या सुमाराचे रंगीत फोटो मात्र लालसर पडले, त्यांतला निळा-हिरवा आधी उडाला. त्या काळच्या चिकट पानांच्या अल्बमनी तर फोटो पिवळे करून स्वतःला चिकटवूनच घेतले. आजचे हजारो फोटो फोनबरोबर जातात, किंवा एवढ्या गर्दीत असतात की असून नसल्यासारखे. म्हणून वहीतल्या प्रत्येक पदार्थाच्या एक-दोन कॉप्या मी कागदावर काढून घेते. मागे शिसपेन्सिलीने लिहिते, पदार्थ कुठला, कुणी केला, तिथी आणि तारीख. काकांनी लिहिलं नाही, म्हणून आज आमच्या अल्बममध्ये कितीतरी माणसं बिननावाची आहेत.

सध्या वहीत चिरोटे अडले आहेत. ते मावशीसारखे कुणाला येत नाहीत. साटा लावून गुंडाळलेल्या पोळीचे पदर तुपात एकेक करून कसे सुटतात, हे फोटोत आलं पाहिजे, आणि ते तळताना, मधल्याच क्षणी दिसतं. दिवाळीआधी ती चार दिवस राहायला येणार आहे. मी तिला फोनवर सांगितलं, “मावशी, तळण नऊ वाजता घेऊ या, तेव्हा उजेड असतो.” ती म्हणाली, “नऊला? अगं, माझं तळण पहाटे पाचला सुरू होतं आणि सातला डबा भरून ठेवलेला असतो.” बरंच बोलणं झालं. शेवटी असं ठरलं की पीठ, साटा, लाट्या सगळं तिच्या वेळेला होईल, निम्मे चिरोटे ती पहाटे तळून घेईल आणि निम्मे ओल्या फडक्याखाली झाकून माझ्यासाठी ठेवेल. बाहेरच्या खोलीत खिडकीशी इंडक्शनची शेगडी मांडायची, धोतर वरच्या गजाला बांधायचं. तिची लोखंडी कढई त्या शेगडीवर तापते, हे मी बघून ठेवलं आहे.